परत आलेल्या नोंदी

आई, हे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालंय. त्यानं काही बदललं नाही, म्हणून आता तुला लिहितेय.

माझं काम नेमकं काय, ते तुला कधी कळलं नाही. भोरच्या ज्या दवाखान्यात तू गेलीस, त्याच्याच तळमजल्यावर मी सर्व्हर सांभाळते. डबा घेऊन वर आले की तू रागवायचीस, "सारखी काय येतीस? खाली जा, लोकांचं आडंल." मी जिना उतरायचे आणि खालपर्यंत तुझा खोकला ऐकू येत राहायचा.

तू गेल्यावर काही वर्षांनी आम्ही नवी मशीन घेतली. इथं नोंद झाली की तिची प्रत त्याच क्षणी पुण्यातल्या दुसऱ्या मशीनवर जायची. आग लागली, पाणी शिरलं, तरी काही बुडणार नाही, असं मीच सगळ्यांना सांगायचे. पेशंटना म्हणायचे, कागद आणू नका. मग मागच्या महिन्यात बाहेरून कुणीतरी आत शिरलं आणि सगळ्या फायलींना कुलूप घातलं. प्रती जातच होत्या, त्यामुळे पुण्यातही तेच कुलूप पोचलं. मागच्या प्रती त्यांनी आधीच पुसल्या होत्या. शेवटी डॉक्टरांच्या कपाटात जुन्या मशीनची एक डिस्क सापडली. तेवढीच उरली.

ती लावत होते त्या दिवशी विंझरच्या एक मावशी आल्या, नसरापूरला एसटी बदलून. पोटात गाठ आहे, दर काही महिन्यांनी फोटो काढून मागच्याशी ताडून बघायचे.

"बाई, तुमीच म्हनला व्हता न्हवं, सगळं मशीनीत हाय?"

"व्हय, मावशी."

"मग बगा की मशीनीत."

मी बघितलं. त्यांचं दुखणं त्या डिस्कनंतरचं. डॉक्टरांनी नवा फोटो काढला, पण गाठ वाढली की तेवढीच आहे, ते कशावरून सांगणार? पुण्याला जाऊन तुकडा तपासून घ्या, म्हणाले. मावशींनी पिशवी उचलली. "पुन्याला कोन नेतंय मला," एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोन केला तर लागत नाही.

डिस्कवरची माणसं मात्र सगळी परत आली. त्यातली कितीतरी आता नाहीत. त्यांत तूही होतीस: तुझं वजन, तुझा ताप, नर्सनं लिहिलेलं 'जेवण नको म्हणतात'.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांचं काही सापडणार नाही हे मला कळून चुकलं होतं, आणि त्यांना आत बोलवायच्या आधी मी तुझी नोंद उघडून वाचत बसले. आई, मला तेव्हा बरं वाटलं.