तड्यावरची बांगडी

१२ जाने., सोमवार

वालूरहून पुढची जीप चुकली. दादाच मोटारसायकल घेऊन आला. रिटायर झाल्यापासून घोकत होते ते आता करायचंच. माहेरच्या महादेवाच्या देवळातल्या मूर्ती एकेक करून कागदावर उतरवायच्या. आरसा धरलेली, पायातला काटा काढणारी, पोपटवाली. शाळेत जन्मभर पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या, आता जरा स्वतःसाठी.

देवळासमोर वाळूचा ढीग, सळया, मिक्सर. जुन्या दगडी छतावर सिमेंटचं शिखर उभं राहतंय, अर्ध्यावर आलंय. दादा कमिटीचा अध्यक्ष. "सुमे, वालूरपातूर दिसंल बघ आपला कळस!" काटावालीला गुलाबी ऑइलपेंट फासलाय. आल्या आल्या भांडण नको म्हणून गप्प बसले. 

१३ जाने.

दिवसभर देवळात. सभामंडपाच्या छताला ते दगडी कमळ, पाकळीत पाकळी, मधला देठ खाली लोंबतो. लहानपणी त्याच्याखाली उताणं पडून पाकळ्या मोजायचे, दरवेळी चुकायचे. या देवळात चुना नाही, माती नाही. दगडावर दगड नुसता बसवलाय, एकमेकांच्या भाराने तोललेला. त्याच्या डोक्यावर आता हे ओझं.

वटवाघळं नाहीत. एकसुद्धा. गुरवमामा खूश, "देवानंच हाकलली बघा, ताई." मला बरं वाटलं नाही.

कमळाशेजारच्या तुळईला तडा. मामा म्हणतात जुनाच हाय. असेलही. मला आठवत नाही.

१४ जाने., संक्रांत

वहिनीबरोबर बांगड्या भरल्या. हिरव्या. भरताना वहिनीची एक वाढली, तिने तुकडे पदरात बांधून घेतले.

दादाला तड्याचं सांगितलं. म्हणाला, कौल घेऊनच काम धरलंय. पिंडीला दोन्ही अंगांनी ओली फुलं चिकटवली होती. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. "हात काढायची देर, उजवं पडलं! समद्या गावानं बघितलंय."

वहिनी तिळगूळ देता देता सहज बोलून गेली, "तवा मशीन चालू व्हतं भाईर. मामाचा मंत्रबी ऐकू येईना गेलता."

मिक्सर! भिंतीला खेटून उभा आहे तो. चालू असला की आतली फरशी तळपायाला जाणवते. दादाला म्हटलं, मशीन बंद ठेवा आणि कौल परत घ्या. असा भडकला. "देवाला दोनदा इचारत नसतेत. तुही मास्तरकी शाळेत ठेव." घ्या तिळगूळ, गोड बोला.

१९ जाने.

आरसावाली काढत होते. कागदावर पांढरी भुकटी. पुसली. थोड्या वेळाने पुन्हा. मिक्सर चालू.

परभणीत माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर आहे, त्याला तड्याचा फोटो पाठवला. लगेच फोन, "मॅडम, मी येऊन बघेपर्यंत त्याच्याखाली बसू नका." म्हणाला, तड्यावर आडवी काच प्लास्टरने पक्की करा. दगड सरकला की काच तुटते.

काच कुठली आणू? वहिनीने त्या वाढलेल्या बांगडीचा मोठा तुकडा दिला. "माझ्या हातची हाय, वन्सं. जपून लावा." शिडीही तिनेच धरली.

२४ जाने.

बांगडी धड आहे. दादा, "काय गं, देवळाला चुडा भरलास का?" मलाही हसू आलं.

कळस १ तारखेला चढणार. दादा-वहिनी जोडीने पूजेला बसणार, बरोब्बर कमळाखाली. बायका भजनाला भोवतीने. इंजिनिअर पोरगा साइटवर अडकलाय, ४ तारखेला येतो म्हणतो. कळस चढल्यावर येऊन काय उपयोग?

३० जाने.

शिखराचं शेवटचं काँक्रीट पडलं. मी आतच होते. सुपारी फोडावी तसा बारीक आवाज आला, एकदाच. बांगडीकडे पाहिलं, शाबूत. मग कुठून आला?

दादाला पुन्हा विनवलं. पूजा अंगणात कर म्हटलं. ऐकूनच घेत नाही. मला भीती वाटतेय, दुसरं काही नाही. भांडखोर असला तरी माझ्या पाठीवर हात ठेवणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय.

१ फेब्रु., रविवार

सकाळपासून कळसाचा माल कालवायला मशीन चालू. वहिनी पाट मांडायला पुढे गेली होती. लगेच परत आली.  मूठ उघडली तर आत हिरवी काच.

"वन्सं, वाढली. ह्यांच्या पाटावर पडलीया."

जाऊन पाहिलं. एक टोक वर प्लास्टरमध्ये तसंच. तड्यात आता नख जातं.

दादा आला. बघितलं. म्हणाला, "मशीनच्या हादऱ्यानं तुटली असंल."

"मग फूल कशानं पडलं व्हतं, दादा?"

 त्याने माझ्यावर डोळे वटारले. मग, "गुमान बस."

वहिनीने पूजेला बसायला साफ नकार दिला. लग्नापासून तिने त्याला कधी नाही म्हटलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. जोडीशिवाय पूजा कशी होणार? ती बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. तिचं बघून भजनाच्या बायका टाळ उचलून एकेक करत उठल्या. गुरवमामाही उंबऱ्याबाहेर. कळस दोराला बांधलेला, तसाच खाली.

दादाने मिस्त्रीला मशीन बंद करायला लावलं. किती दिवसांनी शांत. एकटाच आत गेला. दोन फुलं पाण्यात बुडवली, पिंडीला दोन्ही अंगांनी लावली आणि पाटावर येऊन बसला. कमळाखाली.

"दादा, भाईर ये. फुलं भाईरून बी दिसत्यात."

"देवानं सांगितल्याबिगर उठत न्हाई."

मी पायरीवर बसून हे लिहितेय, हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून. वहिनी माझ्यामागे येऊन उभी राहिलीय. दोनदा हाक मारली तिने, त्याने मान वळवली नाही. त्याच्या टोपीवर पांढरं पडतंय. मशीन तर बंद आहे. तो टोपी झटकतो, पुन्हा घालतो.

फुलं दोन्ही जागच्या जागी आहेत.