ओटीतले पाच दाणे

परंडा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
चारूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण माझ्या स्वयंपाकात चुका काढण्याइतकी तब्येत बरी आहे. वहिनींना नमस्कार सांगा. सांगाल ना?

आमच्या यज्ञेशच्या कॉलेजात, धाराशिवला, तुमचा सिनेमा दाखवला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो तुळजापुरात तीन दिवससुद्धा चालला नव्हता, आता पोरं चार-चारदा बघतात. मला मुद्दाम बोलावलं होतं. शेवटी ती माहेरी आलेली बाई वहिनीकडून ओटी भरून घेते, पदर घट्ट बांधते आणि मागं न बघता निघून जाते. एवढ्यावर दोन तास वाद. एकजण म्हणे, ती आधीच मेलेली होती. दुसरी म्हणे, ती देवीच. एका मास्तरांनी तर तिला दुष्काळ ठरवलं. मी मान हलवत राहिले. कुणाचंच खोटं वाटेना.

मग दैवशाला नावाची तुळजापूरची मुलगी उठली. म्हणाली, "घरची बरकत घरात ऱ्हावी म्हणून ओटीतले पाच दाणे घराला परत द्यायचे असतात. हिनं दिलेच न्हाईत. का?"

सगळे माझ्याकडं वळले, कारण तुम्ही म्हणे मुलाखतीत सांगितलंय, ते चारूलाच विचारा. दादा, मग तुम्ही स्वतः इतकी वर्षं का नाही विचारलंत?

मी सांगितलं, विसरले. नटी आली नव्हती, तुम्ही ऐन वेळी मला उभं केलंत, फिल्म तेवढीच उरली होती, मी गडबडले. हे खरंच आहे. तांदूळ घरच्या डब्यातले होते आणि वहिनींनी खरीखुरी ओटी भरली, हेही खरं. पण मला नाटक शिकायला पुण्याला न्यायचं कबूल करून, आदल्या वर्षी माझं लग्न ठरताना तुम्ही खाली मान घालून सुपारी कातरत बसलात, तेही त्या क्षणी आठवलं होतं. मग हात आखडला तो कशानं? यज्ञेशच्या मोबाईलवर तो तुकडा मी कितीदा तरी पाहिला. हात माझाच, आणि मलाच कळत नाही.

पुढं वहिनींचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. आई म्हणाली, "चारूनं घरचं सगळं बांधून नेलं." तुम्ही तेव्हाही गप्प. मी पुन्हा तुळजापूरला आले नाही, देवीलासुद्धा नाही. त्या बाळासाठी मी महिनाभर रडत होते, हे वहिनींना सांगायचं राहूनच गेलं.

रागानं लिहीत नाही. की रागानंच लिहिते आहे, तेही ठरत नाही.

सोबतच्या पुडीत पाच दाणे आहेत. तेव्हाचे तांदूळ मी सासरी येऊन शिजवले, म्हणून हे नवे. चालतात का, वहिनींना विचारा. त्या हो म्हणाल्या तर डब्यात टाका. भाऊबीजेला मी पाट मांडून ठेवणार आहे.

विसरलेली की रुसलेली, जी तुम्हाला वाटेल ती,
तुमची
चारू