गालाची फुंक

५ मार्च
२६०! आजपण हिरव्यात! डॉक्टरांनी दिलेल्या श्वास मोजायच्या मीटरमधी शांभवीनं फुंकलं की काटा सटकन वर. दोनशेच्या वर तिचं हिरवं. नऊ वर्षांची पोर, दमा असून २६०! शिकवलं कुणी? मी. वीस वर्षं बँडमधी ट्रंपेट वाजवतोय. गाल फुगवायचे, जीभ दाताला लावायची, आणि — थुक्!

८ मार्च
बायकोची, प्रीतीची, तीच टकळी. "अहो, जिना चढून आली की पोरगी कठडा धरून उभी राहतीया. छातीत सूं सूं वाजतंय." मी मीटर पुढं केलं. शांभवीनं फुंकलं — २५५. म्हटलं, बघ की! आकडा खोटं बोलतोय व्हय?
"मला कानानं ऐकू येतंय. आकड्याचं मला सांगू नका." मी आकडा वहीत मांडला.

११ मार्च
औषधाचा रोजचा पंप बंद केला. हिरव्यात हाय तर कशाला पोरीला सवय लावायची?

१४ मार्च
सकाळी २५०.
दुपारी कागलात वरात. नवरदेव घोड्यावर, गाणं रंगात आलेलं — प्रीतीचा फोन. "शाळेतनं बोलावलंय. शांभवीला श्वास घेता येईना. दवाखान्यात निघालीया." ट्रंपेट काखेत मारून वडापाच्या जीपमधी बसलो. जीपवाला अजून दोन शिटा मिळतात का बघत थांबलेला. ओरडलो त्याच्यावर.

१५ मार्च
काल तिचे ओठ निळे होते. लिहवत न्हाय.
आज सिस्टरनी मीटर दिलं. शांभवीनं फुंकलं, २४०. सिस्टरनी छातीला नळी लावली, परत काटा बघितला. "छाती अजून वाजतीया आणि २४०? पावणं, हिला कुणी शिकवलं? ही गालानं फुंकतीया!" दोन्ही गाल दाबून धरले. "हां, आता मोठा श्वास घे. छातीतनं सोड, बाळा."
११०. लाल.
प्रीतीनं माझ्याकडं बघितलं पण न्हाय. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च
पंप मीच बंद केलेला. मीच.

२ एप्रिल
पंप दोन्ही वेळा मी देतोय. गाल मी धरतोय. १५०, १६५, काल १८०. छातीचं सूं सूं थांबलंय. डॉक्टर म्हणाले, "त्रास थांबला म्हणजे फुफ्फुस बरं झालं असं नसतं. आणि नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. दोन्ही बघायचं." मान खाली घालून ऐकलं.

१९ एप्रिल
२१०! छातीनं! प्रीती हसली, महिन्यानं.
शांभवी म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही. गाल मी धरते." म्हटलं, ट्रंपेटवाल्याला शिकवतीस व्हय!
फुंकलं. १९०. गडी माणसाचं चारशेच्या वर असतंय, डॉक्टर म्हणालेले. परत फुंकलं. १८५. तिसऱ्यांदा प्रीतीनं मीटर हातातनं काढून घेतलं.