तीन हजार नावांचं पोस्टर

अब्बा,

तुमच्या माईक-भोंग्यांच्या दुकानाच्या शटरवर यंदाही नाटकाचं पोस्टर चिकटवलंय. दुकान आता मोबाइलवाल्याकडे भाड्याने आहे. तो सकाळी शटर वर ढकलतो, की पोस्टरवरचे उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक आणि प्रमुख पाहुणे सगळे गुंडाळून आत जातात आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर येतात. मी ओट्यावर बसून हे लिहितेय. अम्मी आत तांदूळ निवडतेय आणि मी ऑफिसचं काम करतेय असं तिला वाटतंय. वडशात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम भरात आहे, बाजारात प्रत्येक नाटक कंपनीच्या ऑफिसपुढे गावोगावचे लोक तारीख ठरवायला उभे आहेत. तुम्ही असतात तर आज घरी सापडला नसतात. कुठल्या तरी गावच्या मैदानात टेम्पोतून भोंगे उतरवत असतात.

माझा पहिला मोठा शोधनिबंध मी तुम्हाला याच ओट्यावर दाखवला होता. दोन कणांचे झोत समोरासमोर आदळवायचे, त्या टकरीतून काय काय उडतं ते मोजायचं, एवढंच मी तुम्हाला सांगत आले होते आणि तुम्ही ते 'टकरीचं काम' म्हणून गावभर सांगत होता. निबंध हातात घेऊन तुम्ही पानं उलटत गेलात. नावं संपेनात. तीनेक हजार माणसांची नावं, अक्षरांच्या क्रमाने, त्यात कुठेतरी मी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "हे तं आपल्या नाटकाचं पोस्टर झालं बेटी. आता नाटक कोनी केलं ते सांग." मी म्हटलं, सगळ्यांनीच केलं. "मंग उद्घाटक कोन आहे?" असं विचारून तुम्ही स्वतःच हसत सुटलात. घरात आपली हिंदी, पण थट्टा आणि राग तुम्हाला झाडी बोलीतच जमायचे.

मग मी तुम्हाला सायटेशन म्हणजे काय ते समजावत बसले. दुसऱ्या कुणी त्याच्या निबंधात आपल्या कामाचा हवाला दिला की एक सायटेशन. ज्याला जास्त, तो मोठा शास्त्रज्ञ. नोकरी, बढती, सगळं त्या आकड्यावर. तुम्ही विचारलंत, "म्हणजे वाहवा मोजते?" मी म्हटलं, नाही अब्बा, तुमचं चुकलं असं लिहिलं तरी मोजतात. तुम्ही म्हणालात, "हे बेस आहे. माईकवाल्याच्या शिव्या कोनी मोजल्या असत्या तं आज आपला बंगला असता." एवढं म्हणून तुम्ही माईकची वायर सोलायला घेतलीत. तुम्हाला माझं काम कळत नव्हतं असं मला तेव्हा वाटायचं. पूर्ण कळत नव्हतंच. पण त्यातलं जे मला या वर्षी लागलं, ते तुम्ही मला फार पूर्वी रागावून शिकवून ठेवलं होतं.

मी सातवीत होते. सुट्टीत तुमच्याबरोबर टेम्पोतून गेले होते. ऊन अजून होतं, मैदानात मांडव पूर्ण व्हायचा होता, तुम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकून पाणी सोडत होता, कारण स्पीकरमधून घूं असा आवाज येत होता आणि तो तुम्हाला सहन होत नव्हता. लोकांना तो ऐकूही येत नसे. तुम्ही एकेक यंत्र बंद करत जायचात. हा बल्ब बंद, तो पंखा बंद, आता ऐक, आता? स्टेजवर निवेदक पाहुण्यांची नावं वाचून माईक तपासत होते. ते पान खायला उतरले आणि मी माईक धरला. म्हटलं, ध्वनिव्यवस्था, आणि तुमचं पूर्ण नाव, वडसावाले, असं खणखणीत. मांडव बांधणारे हसले, कुणी टाळीही वाजवली. तुम्ही खड्ड्यापाशी ताठ उभे राहिलात. मला वाटलं, खूश झाले.

"नाव काऊन घेतलं माह्यं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, सगळ्यांचं घेऊन राह्यले, तुमचं नाही घेतलं म्हणून. "त्यायचं नाव घेतलं तं त्यायले हार भेटते. माह्यं घेतलं तं मले जवाब द्या लागते. आता आवाज गेला तं पब्लिक कोनाच्या नावानं ओरडन?" मी रडवेली झाले. तुम्ही जवळ घेतलं नाही, तसे तुम्ही फारसे घ्यायचाच नाही. स्टेजखाली अंधार होता, तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलात. "घेतलं तं घेतलं. जा, आता सगळ्या वायरी पाहून ये. एकही सोडू नोको." अजून डोळ्यांपुढे आहे, मी मैदानभर वाकून वाकून वायरी पाहत फिरते आहे, मागून तुम्ही, आणि मी नीट पाहिलेली प्रत्येक वायर तुम्ही पुन्हा हाताने चाचपताय. त्या वेळी मला तुमचा फार राग आला होता.

आता या वर्षीचं सांगते. परदेशातला माझा करार येत्या उन्हाळ्यात संपतोय. आपल्याकडच्या एका संस्थेत कायमची जागा निघाली होती आणि मुलाखतीला बोलावणंही आलं होतं. चाळिशीला टेकलेय मी. ही जागा गेली तर पुन्हा दोन वर्षांची कुठली तरी नोकरी आणि अम्मी इथे एकटी. नेमक्या त्याच वेळी आमच्या प्रयोगात एक गंमत दिसली. टकरींची मोजदाद मांडली की आलेख घसरत जातो, जसा जायला हवा तसा. त्यात एका जागी छोटासा उंचवटा आला होता. असा उंचवटा म्हणजे तिथे एखादा नवा कण असू शकतो, आजवर कुणी न पाहिलेला. सगळ्यांची झोप उडाली. निबंध लिहून तयार झाला. जगात जो तो त्याचा हवाला देणार, हे उघड होतं. माझं नाव त्या तीन हजारांत होतंच, मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण माझं काम तुमचंच आहे, अब्बा. यंत्राचा एक भाग शांत ठेवायचं. त्याच्या वायरींत घूं आली की शोधायची. आणि मला दिसलं, की उंचवट्यातल्या टकरी जास्त करून त्या आठवड्यांतल्या आहेत, जेव्हा गारव्यासाठी बसवलेला नवा पंप चालू होता. पंप चालू असताना माझ्याकडचा भाग किंचित जास्त ऊर्जा दाखवत असला तर? मी हे बैठकीत बोलले. ज्या सहकाऱ्याने तो उंचवटा शोधला होता, त्याने मान वर केली नाही. आमच्या प्रमुख बाई मायेने म्हणाल्या, "तुझी खात्री नसेल तर तू या निबंधावरून नाव काढून घेऊ शकतेस. तसा नियम आहे. कुणी वाईट वाटून घेणार नाही."

खरंच तसा नियम आहे. आणि ती वाट सोपी होती, हात झटकून मोकळं व्हायची. नाव काढलं की माझ्यापुरता प्रश्न संपला, निबंध खरा ठरो की खोटा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला तुमचा टॉर्च आठवला. मी म्हटलं, "नाव राहू द्या. मला वायरी तपासायला वेळ द्या." दोन-चार जण चरफडले. बाईंनी वेळ दिला. आम्ही पंप बंद करून, चालू करून, पुन्हा बंद करून पाहत राहिलो. तो सहकारी आधी माझ्याशी बोलेना. मग एके दिवशी स्वतःच खाली यंत्रापाशी उतरला, माझ्या शेजारी बसून वायरी चाचपू लागला. दिवाळीच्या सुमारास आकडे दुरुस्त करून आलेख पुन्हा काढला. उंचवटा सपाट झाला होता. निबंध छापायचं कारणच उरलं नाही.

मुलाखतीला मी तशीच गेले. समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक माझा अर्ज चाळून म्हणाले, "सायटेशन डोंगराएवढे आहेत तुमचे. पण तीन हजारांनी भागले तर काय उरतं?" बाकीचे हसले. मी म्हटलं, काही उरत नाही, सर. "मग तुमचं स्वतःचं काम कोणतं धरायचं?" मी त्यांना न छापलेल्या निबंधाची गोष्ट सांगितली. "त्याला सायटेशन किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शून्य. पुन्हा हशा झाला. पण टोकाला बसलेल्या एक बाई पुढे सरकल्या आणि त्यांनी पंपाबद्दल विचारायला सुरुवात केली. कुठली वायर, कसं पकडलं, आधी काय बंद केलंत. मी बोलत सुटले. मुलाखत ही परीक्षा असते हे मी विसरूनच गेले.

काल निवडीचं पत्र आलं, अब्बा. अम्मीने शेजारपाजारी साखर वाटली. नव्या संस्थेतून मी त्याच प्रयोगावर काम करणार आहे. पंपाचं अर्थिंग आता नीट झालंय आणि पुढच्या टकरी सुरू होतील तेव्हा माझा भाग पूर्वी कधी नव्हता इतका शांत असेल. त्या शांततेत एखादा खरा उंचवटा दिसेलही. मला तशी फार आशा आहे. त्या सहकाऱ्याला माझ्याहूनही जास्त आहे, त्याने कालच लिहिलंय, की पुढच्या वेळी तो आधी मला विचारेल आणि मग नाचेल.

एक गोष्ट मात्र यातल्या कुणाला माहीत नाही. आलेख सपाट झाला त्या दिवशी सगळे माझी पाठ थोपटत होते आणि मी हात धुवायला म्हणून जाऊन रडून आले. विज्ञानासाठी रडले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला तो कण हवा होता, आणि त्या कणाच्या निबंधावर माझं नाव हवं होतं. अजूनही हवं आहे. तुम्ही समोर असतात तर हे मी तुम्हाला सांगितलं नसतं. म्हणून तर पत्र लिहिलं.