डोळे मिटून केलेली प्रार्थना

ता. ४ ऑगस्ट

चि. धाकटोबास, अ. उ. आ.

देवाच्या कृपेने इकडे बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण रविवारची उपासना चुकवत नाही. तू आमच्या चर्चमध्ये आलास की दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतोस आणि आमेन म्हणता म्हणता पसार होतोस, म्हणून तुझ्या वाटचंही मलाच मागावं लागतं. परवा प्रार्थना मी चालवली. सगळ्या मंडळीसमोर तुझं नाव घेऊन तुझी दारू सुटावी म्हणून मागितलं. तू शाळेची बस चालवतोस, त्या लेकरांना सांभाळ, असंही विनवलं. बायकांचे डोळे भरून आले. पाळकसाहेब म्हणाले, भावाचा असा भार वाहणारी बहीण शंभरात एक. आपल्या घरात निदान एकीचे तरी गुडघे देवापुढे झिजले, एवढंच समाधान. जेवण वेळेवर करत जा.

तुझ्यासाठी सदैव मागणारी,
ताई

ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस, स. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्याआधी प्रार्थना पोचली होती. त्या रविवारी आमच्या मुख्याध्यापिका तुमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या, दुसऱ्याच रांगेत. तुझे डोळे मिटलेले, तुला दिसणार कशा? सोमवारी त्यांनी बसची किल्ली मागून घेतली. त्यांचं चुकलं नाही, लेकरांचा प्रश्न आहे. सध्या बसगाड्या धुतो.

मागच्या हिवाळ्यापासून मी थेंबाला शिवलेलो नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. आधी दोनदा गाजावाजा करून सोडली होती आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो. म्हणून रोज सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवून प्रभू, आजचा दिवस, एवढंच म्हणायचो. तुला तरी सांगायला हवं होतं. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. चांगला रागावलो होतो.

गुडघ्याला शेक देत जा. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटोबा

ता. २९ ऑगस्ट

चि. धाकटोबास,

आशीर्वाद कोणत्या तोंडाने लिहू?

शाळेत येऊन गेले. मुख्याध्यापिकांना सांगितलं, की माझी माहिती जुनी होती आणि तोंड मोठं. चौकशी करून बघते म्हणाल्या. परतताना तू दिसलास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चाकांवर पाणी मारताना. हाक मारायला जीभ उचलली नाही. त्या दिवशी मंडळीत बरी उचलली होती.

मग रविवारी उभी राहून सगळ्यांसमोर चूक कबूल केली. रडले. बायकांनी हात धरले; पाळकसाहेब म्हणाले, अशी नम्रता पाहिली नाही. आणि मला ते गोड लागलं रे. घरी येऊन गुडघे टेकले, तर तोंडात पहिलं आलं ते हे, की प्रभू, मी निदान कबूल तरी केलं, बाकीच्या तेवढंही करत नाहीत. तशीच उठले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो सुंभ मी. फार लाज वाटते. तेव्हापासून प्रार्थनाच होत नाही.

माझ्यासाठी मागशील? कुणाला ऐकू जाईल असं नको.

तुझी,
ताई

ता. ६ सप्टेंबर

ती. ताईस, स. न. वि. वि.

किल्ली परत मिळाली. काही दिवस शाळेचे शिपाईमामा शेजारी बसणार आहेत, माझं तोंड हुंगायला. बसू देत.

माझ्या सकाळच्या वाक्यात तुलाही बसवलंय. प्रभू, आम्हा दोघांना आजचा दिवस, असं म्हणतो. त्याहून मोठं मला जमत नाही.

येत्या रविवारी येतोय. तू पुढे बसू नकोस, दाराजवळ ये. शेवटच्या बाकावर मी सरकून जागा ठेवतो. आमेन झाल्यावर पळणार नाही.

तुझाच,
धाकटोबा