सांगलीच्या गाडीतली जागा

४ डिसें., गुरुवार
ज्योतीला नाक्यावर सोडलं. लग्नानंतर शिकायला लागली, माझाच हट्ट. सोम-मंगळ-बुध इथल्या विद्यापीठात, गुरु-शुक्र-शनि सांगलीच्या. दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक एम.एस्सी. काढलीया, मातीच्या शास्त्राची. पोरींनी दोन्हीकडं पळायचं. पळू देत. सकाळी गाडीवर तेवढाच वेळ तिचा-माझा असतो. पण आज सगळा रस्ता मागं बसून फोनवर. "ताहेरा, जागा मिळाली का गं? दोघींची धर." ताहेरा हिच्याच वर्गातली, कळंब्याची. स्टँडवर चढते आणि शेजारची सीट हिला धरून ठेवते. एसटी आली तशी खिडकीतनं म्हणते, "दाजी, सोडा की आता हिला." निम्मी गाडी हसली. ज्यो पण.

५ डिसें.
जेवताना विचारलं, आज काय झालं सांगलीत. "काय न्हाय, रोजचंच." मग धुणं वाळत घालताना फोन लावला आणि खिदळत बसली. रोजचंच होतं तर एवढं हसायला काय झालं?
जळतोय मी. ते पण एका बाईवर. बाप्या असता तर गचांडी तरी धरली असती. हे कुणाला सांगू?

८ डिसें., सोमवार
उसाच्या ट्रॉल्यांचं काम. कारखान्याचा हंगाम, गॅरेजात पाय ठेवायला जागा न्हाय. संध्याकाळी ताहेरा स्कूटीवरनं ज्योला सोडायला आली. ज्यो आत गेली. ही म्हणते, "दाजी, जानेवारीपास्नं तुमची मजा हाय. पहाटे उठायला नको."
का?
"शेवटचं सेमिस्टर सांगलीलाच न्हाय का आम्ही? प्रोजेक्ट. होस्टेलवर राहायचं." मग माझं तोंड बघितलं. "ज्योतीनं सांगितलं न्हाय?"
म्हटलं, सांगितलंय की. पाना पुसत बसलो.

१० डिसें.
आज सांगंल, उद्या सांगंल. भाकरी करते, आईच्या पायाला तेल लावते, हसून बोलते. ते तेवढं सोडून सगळं.
मीच विचारावं तर

११ डिसें., गुरुवार
सांगलीत पार्ट आणायचाय म्हणून बरोबर निघालो. पार्ट बिर्ट काय न्हाय. नाक्यावर न थांबता थेट स्टँड. गाडी लागली तसा खिडकीतनं रुमाल टाकला, दोघांचं बाकडं धरलं. एका म्हाताऱ्याशी भांडण काढलं त्यासाठी. ज्यो खिडकीला, शेजारी मी. लई भारी वाटलं.
ताहेरा उशिरा आली, तिच्या पोराला ताप होता. गाडी खच्चून. आमच्याजवळच दांडा धरून उभी राहिली. "असू दे दाजी, बसा." बसलो. उठाय पाहिजे होतं, कळत होतं, पण बूड हललं न्हाय.
हातकणंगल्याच्या अलीकडं ज्यो उठली. "तू बस, रात्रभर जागलीयास." ती बसंना. हीही परत बसंना. मग दोघी उभ्याच, सांगलीपर्यंत, आणि बोलणं एक सेकंद थांबलं न्हाय. खिडकीची सीट रिकामी. एकानं विचारलं, "पावणं, कोण हाय का हितं?"
म्हटलं, माणूस हाय.

१२ डिसें.
शेवटी विचारलंच. होस्टेलचं मला ताहेराकडनं कळावं?
म्हणाली, "तिला सांगितलं की ती म्हणते, करू आपण. तुम्हाला काय सांगायला गेलं की तुमचं तोंड आधी पडतंय. मग मीच तुमची समजूत घालत बसायची."
आवाज चढवला मी. आई बाहेर आली, तिच्यावर पण चढवला. कशाला ते कळंना. गॅरेजात गेलो.

१४ डिसें., रविवार
उद्या ज्योला विद्यापीठातल्या मॅडमना सांगायचंय, होस्टेल का घर. सकाळी माझ्यासमोर बसली. रडली बिडली न्हाय.
"नको म्हणा, घरीच राहते. पण मग घरात मी गप्प बसले तर का म्हणून विचारू नका."
दुपारी स्वयंपाकघरात ताहेराशीच बोलत होती, हळू. मला दारात बघितलं आणि फोन ठेवला. म्हणाली, "बोला."
तोंडात दोन्ही होतं, जा पण आणि नको पण.
म्हटलं, चहा ठेव.
ठेवला. दोघांनी प्याला. कप विसळून ती अजून तिथंच उभी हाय.