घाटासाठी गाडी

४ जानेवारी
ठरलं. या वर्षी मोटरसायकल घ्यायची आणि पहिली लांबची फेरी चिखलदऱ्याला, मिनलताईकडे. माझी स्कूटर घाटात दम टाकेल म्हणतात. एसटीत मला परतवाड्यापुढे दर वळणाला उलटी होते, म्हणून तो पर्याय बाद. दुचाकीवर मळमळत नाही.
दिवाळीत ताईचं बाळ गेलं. दोन दिवसांचं होतं. आईबाबा लगेच गेले. माझी ऑफिसची परीक्षा होती. ती नंतर पुढे ढकलली, पण मग जायला उशीर झाला असं वाटलं. आता नीट तयारीनं जाईन. महिनाभरात नक्की.

११ जानेवारी
ताईचा फोन. म्हणाली, गावाबाहेर एका सिल्व्हर ओकच्या झाडाखाली बाळाला ठेवलंय. तिथं ती आणि भाऊजीच जातात. "तू ये एकदा. तुले दाखवायचं आहे."
मी म्हटलं, येतेच आहे, गाडी बघून राहिले. घाटात कमी स्पीडला टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, महत्त्वाची. ती बरं म्हणाली. मग मी तिला तीन मॉडेल्सची तुलना वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली.

२६ जानेवारी
ऑफिसातल्या पियुषनं त्याच्या ३५० सीसी मोटरसायकलवर बसू दिलं. पाय जेमतेम चवड्यांवर टेकतात. चढावर थांबले तर गाडीसकट आडवी. बाद. हलक्या गाडीवर पाय पूर्ण टेकतात, पण साताऱ्याचा एक माणूस व्हिडिओत म्हणतो की ती चढाला रडते. हिमाचलचा एक म्हणतो, रडत नाही. तिसरं मत हवं.
पियुष म्हणाला, कोणतीही घे, सगळ्याच पोचतात. मुलं फार बेफिकीर असतात.
मी बेफिकीर होऊच शकत नाही. शाळेआधी ताईनंच मला घरी पाटीवर अक्षरं शिकवली. 'क' जरा वाकडा झाला की पुसायला लावायची. बरोबर येईस्तोवर पुसायचं, हा तिचाच नियम. तिला आवडेल माझी पद्धत.

१५ फेब्रुवारी
टेस्ट राइड. नागपुरात घाट नाही, म्हणून फ्लायओव्हर. मधोमध चढावर मुद्दाम थांबले आणि हाफ क्लचवर निघायचा सराव केला. गाडी मागं गेली. मागच्या ऑटोवाल्यानं शांतपणे विचारलं, मॅडम, आगे जाना है के पीछे? मी त्याला समजावलं की हा डोंगरावरचा सराव आहे. तो म्हणाला, तो पहाड पे करो ना.
अशा लोकांना तयारी म्हणजे काय ते कळत नाही.

९ मार्च
आई एकटी निघाली एसटीनं, लोणचं घेऊन. म्हणाली, चाल सोबत, उलटी झाली तं झाली, पिशवी ठेवू. मी म्हटलं, बुकिंग झालं की येते, आता मधेच गेले तर पुन्हा जाणं होणार नाही.
आई दारातून म्हणाली, "काहून वं, तुले ताईले भेटायचं आहे का तिले गाडी दाखवायची आहे?"
दोन्ही. तिच्या पिशवीत ब्रोशर टाकलं, ताईनं रंग निवडावा म्हणून.

१४ मार्च
ब्रोशर परत आलं. लोणच्याच्या तेलाचा डाग. रंगावर खूण नाही. विसरली असेल.
ताई जेवते का, असं आईला विचारलं, तर म्हणाली, जाऊन पाह्य.

६ एप्रिल
यश! पियुषला मागं बसवून त्याच्याच गाडीवर रामटेकचा गड चढले. एकदाही बंद पडली नाही. वर पोचल्यावर तो म्हणाला, झालं की, पुढच्या रविवारी चिखलदरा.
तेव्हाच मला मागच्या ब्रेकचा आवाज ऐकू आला. इतक्या चढाला ब्रेक कुरकुरतो तर खऱ्या घाटात काय? पियुष म्हणतो, आवाज नाहीच. त्याचे कान तितके तयार नाहीत.
शिवाय ऊन. जूनमध्ये, ऊन उतरल्यावर जाऊ.
(हेल्मेटमध्ये आपण बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. ताईला भेटल्यावर काय म्हणायचं त्याचा सराव केला. "ताई, मी" इथपर्यंत येतं.)

१८ मे
ताई आली. न कळवता, एसटीनं, एकटी. गाल बसलेत. आल्याआल्या मोरीत जाऊन चूळ भरत राहिली. घाटात उलट्या झाल्या म्हणाली. तिलाही होतात. लहानपणी आम्ही दोघी एकाच पिशवीत करायचो. मी विसरले होते.
टेबलावरची ब्रोशरं बघून तिनं विचारलं, कोणती ठरली? मी म्हटलं, दोनवर आलंय. ती थोडं हसली. मग एक ब्रोशर नीट घडी घालत म्हणाली, "चुकलं असतं तं चाललं असतं वं. यायले पाहिजे होतं."
मी चहा ठेवायला उठले. चहा नुकताच झाला होता.
भाऊजींची गोंदियाला बदली झाली. सामानाचा ट्रक परवाच गेला. झाडाचं मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, खाली दगड लावून ठेवलेत, पण आता तिकडं आपलं कोणी नाही.

१९ मे
ताईला स्कूटरवर स्टेशनला सोडलं. सीताबर्डीच्या सिग्नलला तिनं खांद्यावर हात ठेवला. मी "ताई, मी" म्हटलं. सिग्नल सुटला. मागून हॉर्न.

२ जून
पियुष विचारत होता, मग कोणती घेतेस?
गोंदियाला घाट नाही. रस्ता सपाट आहे, स्कूटरही चालेल. रेल्वे तर दिवसभर असते.
रेल्वेत मला मळमळत नाही.